घाट उतरण्याआधी तिथी बघा

कोल्हापुरातून समुद्र लांब नाही. फुलेवाडी सोडली की गगनबावडा ५५ किलोमीटर. तिथून करूळ घाट उतरून वैभववाडी, पुढं महामार्गावर तळेरे, आणि तळेरे-कासार्ड्याजवळून पश्चिमेला धरलं की विजयदुर्ग. सगळं मिळून दीडशेच्या आतबाहेर. पहाटे पाचला निघालेली गाडी नाश्त्याच्या वेळेला बंदरावर पोचते. तरीही शनिवारी घाट उतरणाऱ्या कोल्हापूरच्या गाड्या बहुतेक मालवण-तारकर्लीला जातात, नाहीतर आंबा घाटानं गणपतीपुळ्याला. मधला विजयदुर्ग ते आचरा हा पट्टा, म्हणजे देवगड तालुक्याची किनारपट्टी आणि मालवण तालुक्याची वरची कड, आपल्याला हापूसच्या पेटीवरच्या नावापुरता माहीत असतो.

जे जातात तेही पुष्कळदा अर्धवट बघून परततात. कुणकेश्वरला पोचले तेव्हा पाणी चढलेलं होतं, खडकातली लिंगं दिसलीच नाहीत. खाडीत फिरायचं होतं, तर होडीवाला म्हणाला दोन तास थांबा. बाजारात गेले तर टोपल्या रिकाम्या. मग 'तिथं काही बघण्यासारखं नाही' हे मत पक्कं होतं आणि पुढच्या वेळी पुन्हा तारकर्ली. दोष गावाचा नसतो. आपण देशावरची माणसं किलोमीटर आणि रविवार धरून बेत आखतो. किनारा मात्र भरती-ओहोटीवर चालतो आणि भरती-ओहोटी चालते तिथीवर. त्यामुळं हॉटेल ठरवण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर बघावं, आणि त्यात वार नाही, तिथी बघावी.

किनाऱ्यावरच्या माणसांचा हिशेब सोपा आहे. तिथीला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं. येईल ती भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. एकादशीला सव्वाआठ. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या, म्हणजे सव्वाअकरा. या भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी पुरी होते आणि त्यानंतर तेवढ्याच वेळानं दुसरी भरती येते. रोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी अधिक पुढं सरकते, तीन चतुर्थांशाचा आकडा आला तो तिथूनच. उत्तर अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतं. कॅलेंडरवर सूर्योदयाची तिथी छापलेली असते आणि चंद्राची चाल रोज सारखी नसते. शिवाय खाडीच्या आत पाच-सात किलोमीटर गेलं की भरती मुखापेक्षा उशिरा पोचते. नेमकी वेळ हवी असेल तर बंदराचं भरतीचं कोष्टक मोबाईलवर मिळतं. पण बेत ठरवायला तोंडी हिशेब पुरतो, आणि तो येत असेल तर होडीवाल्याशी बोलणंही सोपं जातं.

दुसरी गोष्ट उधाण आणि भांग. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे दोन-तीन दिवस उधाण असतं. पाणी जास्त चढतं आणि तेवढंच खोल उतरतं. या किनाऱ्यावर हा फरक दोन मीटरच्या आसपास जातो. सप्तमी-अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाणी फारसं चढतही नाही आणि उतरतही नाही. आता हे वेळेशी जोडून बघा. उधाणाची भरती सव्वाअकराची, म्हणजे उधाणाची ओहोटी साडेपाचच्या सुमाराला, पहाटेही आणि संध्याकाळीही. वाळू सर्वांत रुंद, खडक सर्वांत उघडे आणि ऊन उतरलेलं, हे तिन्ही एकाच वेळी मिळायचं तर पौर्णिमा किंवा अमावास्येच्या जवळचा शनिवार-रविवार धरायचा. अष्टमीला उलट होतं. ओहोटी भर दुपारी बाराला, आणि तीही अर्धवट. लहान मुलांना पाण्यात खेळवायचं असेल तर मात्र भांगाचे दिवस बरे, कारण पाण्याला ओढ कमी असते.

रस्त्याबद्दल थोडक्यात. गगनबावड्याहून खाली जायला दोन घाट आहेत, करूळ वैभववाडीकडे आणि भुईबावडा खारेपाटणच्या अंगाला. विजयदुर्ग-देवगडला करूळच सोयीचा. तिथं दरड किंवा रस्त्याचं काम असेल तर भुईबावडा, नाहीतर राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट. फोंड्यानं उतरलं तर महामार्गावर नांदगावच्या तिठ्यावरून देवगड गाठता येतं. पावसाळ्यात कुंभी फुगली की मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी येतं आणि गगनबावडा तुटतो, तेव्हा निघण्याआधी चौकशी करावीच. गळीत हंगामात अडचण वेगळी. कळे-साळवण-असळजच्या टप्प्यात उसाच्या जोड-ट्रॉल्यांमागं गाडी अडकते आणि तासभर सहज जातो. यावर उजाडायच्या आत हा टप्पा पार करण्याखेरीज उपाय नाही. एसटीच्या थेट गाड्या आहेत पण मोजक्या. देवगडच्या गावागावांत फिरायला स्वतःचं वाहन किंवा दिवसभराची रिक्षा लागते, कारण दोन गावांच्या मधे कातळाचे सडे आहेत आणि त्यावर ना सावली ना टपरी.

विजयदुर्गाला कोल्हापूरकरानं परका म्हणून जाऊ नये. हा किल्ला मुळात पन्हाळ्याच्या शिलाहार भोज राजानं, दुसऱ्या भोजानं, बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधला असं मानलं जातं. पन्हाळ्यावर राजधानी असलेल्या राजाला वाघोटन खाडीच्या तोंडावर किल्ला का हवा, हे घाट उतरून आल्यावर आपोआप कळतं. बंदरात उतरलेला माल खाडीनं आत यायचा आणि बैलांच्या तांड्यावर घाट चढून वर जायचा. सतराव्या शतकात शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेतला आणि वाढवला. पुढं आंग्र्यांच्या आरमाराचं ते मोठं ठाणं झालं. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी पेशव्यांशी हातमिळवणी करून तुळाजी आंग्र्यांकडून तो घेतला, तेव्हा किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या आंग्र्यांच्या जहाजांना आग लागली आणि एकाची दुसऱ्याला लागत आरमार जळून गेलं.

किल्ला बघायला दोन तास ठेवावेत आणि ते ओहोटीचे असावेत. भरतीला तटाला पाणी लागलेलं असतं, चित्र छान येतं, पण बांधणी दिसत नाही. पाणी उतरलं की तटाचा पाया कातळावर कसा बसवलाय, लाटेचा मार घेणारे बुरूज गोलाकार का ठेवलेत, हे बंदराच्या बाजूनं फिरताना दिसतं. पश्चिमेला समुद्रात पाण्याखाली शंभर मीटरहून लांब दगडी भिंत आहे. ती माणसाच्या डोळ्याला कोणत्याच ओहोटीत दिसत नाही, तेव्हा 'भिंत दाखवतो' म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नये. किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी आणि हेलियमच्या शोधाशी त्यांचं नातं सांगितलं जातं आणि त्या तारखेला इथं हेलियम दिवसही साजरा होतो. या शोधाशी ज्याचं नाव जोडलं जातं त्या जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञानं ते ग्रहण पाहिलं ते गुंटूरहून, एवढं मात्र सांगणाऱ्यानं सोबत सांगायला हवं.

किल्ल्याहून जास्त वेळ मी गिर्ये-रामेश्वरच्या बाजूच्या जुन्या गोदीला देईन. विजयदुर्गाला येणारे दहातले नऊजण ती बघत नाहीत. खाडीच्या काठाला कातळ फोडून केलेला मोठा चौक आहे, एका बाजूनं खाडीकडे उघडा. उधाणाच्या भरतीला गलबत आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरलं की तोंड बंद करायचं, गलबत कोरडं. मग तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, फळ्यांच्या सांध्यात कापूस आणि तेल-राळ भरायची, आणि पुढच्या उधाणाला पुन्हा पाण्यात. हे बांधणाऱ्याला इंजिन लागलं नाही, पंप लागला नाही. तिथीचा हिशेब लागला. गोदी पाण्यानं भरलेली असताना बघितली तर नुसतं डबकं दिसतं. ओहोटीला गेलं तरच तिचा तळ, तिचा उतार आणि तिचं तोंड समजतं. जवळच रामेश्वराचं देऊळ आहे. कातळ खोदून केलेल्या खोल वाटेनं खाली उतरत तिथं जावं लागतं. ती वाट भर उन्हातही थंड असते. गडबडीत गाभाऱ्यापर्यंत जाऊन परत फिरू नये.

विजयदुर्गाहून देवगडकडे येताना पडेल कॅन्टीनच्या तिठ्यावरून वळायचं. देवगड गावात दीपगृह, किल्ला आणि पवनचक्क्यांचं पठार हे सगळं एका संध्याकाळी पायी होतं. बंदर मात्र दोनदा बघावं, एकदा संध्याकाळी होड्या परत येताना आणि एकदा पहाटे. तिथं माणसं कामात असतात. वाटेत उभं राहून फोटो काढू नयेत, ओल्या फरशीवर चप्पल घसरते, आणि टोपली डोक्यावर घेतलेल्या बाईला आधी वाट द्यायची असते.

कुणकेश्वरला पूर्वी वळसा घालून जावं लागायचं. तारामुंबरी-मिठमुंबरी पूल झाल्यापासून किनाऱ्याकिनाऱ्यानं थेट जाता येतं. देऊळ अगदी वाळूला लागून आहे. महाशिवरात्रीला इथं मोठी यात्रा भरते. त्या दिवसांत देवदर्शनासाठीच जायचं असेल तर जावं, किनारा बघायला जाऊ नये. खडकात कोरलेली लिंगं ओहोटीला उघडी पडतात. त्यासाठी ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी खडकावर उतरावं आणि पाणी फिरल्यावर अर्ध्या तासात वर यावं. शेवाळलेल्या खडकावर रबरी चप्पल हमखास घसरते. मागं पट्टा असलेले सँडल घालावेत. हिरव्या मऊ शेवाळापेक्षा काळपट, कोरडा वाटणारा खडक जास्त फसवतो, कारण त्यावरचा बुळबुळीत थर दिसत नाही. आणि काल्वं, म्हणजे खडकाला धरून राहणारे शिंपले, चिकटलेल्या खडकाला हात टेकवायचा नाही, कड पात्यासारखी कापते.

पोहण्याबद्दल नीट सांगायला हवं, कारण आपल्याकडची मुलं पंचगंगेत किंवा विहिरीत पोहायला शिकलेली असतात आणि समुद्रालाही तोच नियम लावतात. नदीचं पाणी एका दिशेला जातं, समुद्राचं तसं नसतं. किनाऱ्यावर फुटलेल्या लाटांचं पाणी परत जायला एखादी खोलगट वाट धरतं. तिथं लाटा फुटत नाहीत, पाणी शांत दिसतं, आणि नेमकं तिथंच माणूस उतरतो. मिनिटाभरात पाय सुटतात. अशा वेळी किनाऱ्याकडे तोंड करून दम लागेपर्यंत हात मारणं हीच जीवावर बेतणारी चूक. ओढीबरोबर झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरकायचं, ओढ संपली की तिरकं आत यायचं. खाडीच्या तोंडाशी, म्हणजे मिठबाव-तांबळडेगला, आचऱ्याला, तळाशीलच्या टोकाला, ओहोटीच्या वेळी पाण्यात उतरूच नये. सगळी खाडी तेव्हा एका तोंडातून समुद्रात रिकामी होत असते. जून ते सप्टेंबर कुठल्याच किनाऱ्यावर गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये. गाडी वाळूवर नेणं नियमातही बसत नाही आणि अक्कलेतही. ओहोटीला घट्ट वाटणारी वाळू भरती लागताना खालून भिजून सैल होते, चाक रुततं, आणि मग पाणी थांबत नाही.

मिठबाव-तांबळडेग हा या पट्ट्यातला माझ्या मते सर्वांत चांगला किनारा. लांबच लांब वाळू, मागं सुरूची झाडी, आणि पहाटे नशीब असेल तर रापण. होडी किनाऱ्यापासून जाळं सोडत अर्धवर्तुळ करून समुद्रात जाते. एका टोकाचा दोर किनाऱ्यावरच धरलेला असतो, दुसरं टोक बरंच पुढं जाऊन ती पुन्हा किनाऱ्याला आणते. मग दोन्ही बाजूंना माणसांच्या रांगा लागतात आणि दोर ओढत ओढत एकमेकांकडे सरकत येतात. दोन-तीन तासांचं काम आहे. शेवटी मधली खोळ वाळूवर येते तेव्हा त्यात तारली, पेडवे, बांगडे, सौंदाळे जे असेल ते उसळत असतं. मालकाचा, होडीचा, जाळ्याचा आणि ओढणाऱ्यांचा असे वाटे पडतात. दोराला हात लावायचा असेल तर आधी विचारावं. बहुधा कुणी नाही म्हणत नाही. दोर ओलांडायचा नाही, दोन दोरांच्या मधे उभं राहायचं नाही, आणि खोळीतल्या मालात हात घालायचा नाही. त्यात पाकट असतो, त्याच्या शेपटीचा काटा विषारी. यांत्रिक होड्यांनी आणि मोठ्या पर्ससीन जाळ्यांनी खोल पाण्यातच मासा उचलायला सुरुवात केल्यापासून रापणीला येणारा मासा घटलाय. पारंपरिक मच्छीमारांचा त्यावरून वर्षानुवर्षं संघर्ष चालू आहे. रापण ओढली जात असताना ती बघायला थांबणं, आणि तिथंच दोन वाटे विकत घेणं, हे पर्यटकाला सहज करण्यासारखं आहे.

तांबळडेगच्या वाळूत हिवाळ्यात समुद्रकासवं अंडी घालायला येतात. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत घरटी होतात आणि पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघतात. जाळी लावलेलं घरटं दिसलं तर लांबून बघावं. रात्री किनाऱ्यावर टॉर्च, गाडीचे दिवे, शेकोटी नको. पिल्लं उजेडाच्या दिशेनं चालतात, आणि उजेड जमिनीकडे असला तर समुद्राऐवजी जमिनीकडे.

आचऱ्याला रामेश्वराचं मोठं देऊळ आहे आणि या गावाची गावपळण प्रसिद्ध आहे. तीन-चार वर्षांतून एकदा देवाचा कौल झाला की सगळं गाव, गुरं-ढोरं, कोंबड्या-कुत्र्यांसकट, घरं बंद करून वेशीबाहेर जातं. तीन दिवस, तीन रात्री गाव रिकामं. वेशीबाहेर झावळ्यांच्या राहुट्या पडतात, चुली मांडल्या जातात, रात्री भजनं रंगतात, आणि पुन्हा कौल झाला की लोक परततात. त्या दिवसांत गावात शिरायचं नसतं. बाहेरच्यानंही ते पाळावं. रिकामी घरं बघायला म्हणून आत जाणं हा गावाचा अपमान आहे. राहुट्यांकडे मात्र पाहुण्यासारखं जाता येतं. आचऱ्याच्या खाली तोंडवळी-तळाशीलची जमिनीची चिंचोळी पट्टी आहे, एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला खाडी. खाडीत होडीनं फिरायचं असेल तर भरतीच्या दोन तास आधी निघावं, पाण्याबरोबर आत जावं, आणि भरती फिरली की पाण्याबरोबरच परत यावं. ओहोटीला होडी चिखलात टेकते, किंवा इंजिनच्या पंख्यात गवत अडकतं. होडीवाला 'थांबा' म्हणतो ते यासाठी.

आता जेवण. किनाऱ्यावरच्या घरगुती खानावळीत काय मागावं याचा एकच नियम: नाव घेऊन मासा मागू नये. 'काकी, आज काय आलंय?' असं विचारावं, तेही आदल्या संध्याकाळी फोनवर, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारातून तसा मासा आणतात. पापलेट आणि सुरमईचा आग्रह धरला की फ्रीजमधला मासा ताटात येतो. त्याच दिवशी रापणीचा बांगडा, लेपे, मुडदुशे किंवा खाडीतल्या कुर्ल्या समोर उपलब्ध असतात, अर्ध्या पैशात आणि दुप्पट चवीत. सोमवारी पुष्कळ घरी मासे होत नाहीत. त्या दिवशी काळ्या वाटाण्याचं सांबारं, कुळथाची पिठी आणि उकड्या तांदळाचा भात मागावा, आणि मार्च-एप्रिल असेल तर ओल्या काजूगरांची उसळ. ही उसळ कोल्हापुरात सहसा मिळत नाही. ओला गर सोलताना त्याच्या सालीतलं तेल हाताची कातडी सोलून काढतं. बायका हाताला खोबरेल किंवा राख लावून एकेक गर काढतात. दर जास्त वाटला तर हे लक्षात ठेवावं. नाश्त्याला घावणे असतातच, पण शिरवाळे आधी सांगून ठेवले तरच मिळतात, कारण तांदळाच्या उकडीचे ते शेव साच्यातून गरम गरमच दाबावे लागतात, त्याला दोन माणसांची ताकद लागते. सोबत नारळाचा रस आणि गूळ. तो गूळ बहुधा आपल्याकडचाच असतो.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताज्या सुरमईची पाटी दिसली तर तो बर्फातला माल समजावा. पहिल्या पावसात ओढ्यांतून वर चढणारे चढणीचे मासे पोटात अंडी घेऊन आलेले असतात; चवीला कितीही चांगले असले तरी ते खाऊ नयेत.

कोल्हापूरकर मासे घरी आणतो आणि कांदा-लसूण मसाल्यात शिजवतो. त्या मसाल्यात भाजलेला कांदा, लसूण, सुकं खोबरं, तीळ असतात. तांबड्या रश्श्याला तो हवाच, पण बांगड्याचा सगळा स्वाद तो खाऊन टाकतो. बांगड्याला तिरफळाची कढीच करावी. पाऊण किलोत चार मध्यम बांगडे येतात. तुकडे करून मीठ-हळद लावून पंधरा मिनिटं ठेवावेत. अर्धा ओला नारळ खवून, भिजवलेल्या आठ बेडगी मिरच्या, तिखट हवं तर दोन संकेश्वरी, एक मोठा चमचा धणे, अर्धा चमचा हळद आणि अर्धा छोटा कांदा हे सगळं गंधासारखं बारीक वाटावं. आलं-लसूण नाही, फोडणी नाही. दहा तिरफळं घेऊन आतली काळी बी काढून टाकावी आणि साल पाण्याचा थेंब टाकून नुसती ठेचावी. मिक्सरमध्ये वाटली तर कढी कडू होते. वाटणात तीन वाट्या पाणी घालून तिरफळासह उकळी आणावी, पाच मिनिटं उकळू द्यावी, म्हणजे मिरचीचा कच्चेपणा जातो. मग बांगडे आणि पाच-सहा आमसुलं. आमसुलं आधी घातली तर रंग काळवंडतो आणि आंबटपणा वरचढ होतो. मंद आचेवर सहा-सात मिनिटं. डाव घालून ढवळायचं नाही, दोन्ही बाजूंनी भांडं धरून हलवायचं, नाहीतर मासा मोडतो. उतरवल्यावर चमचाभर कच्चं खोबरेल वरून सोडायचं आणि झाकून अर्धा तास ठेवायचं. तिरफळ त्या अर्ध्या तासातच कढीत उतरतं.

सोलकढी बिघडते ती दोन कारणांनी. नारळाचं दूध काढायला गरम पाणी घेतात ते उकळतं असतं, कोमट हवं. आणि बाजारातल्या आगळात, म्हणजे कोकमाच्या रसात, मीठ आधीच असतं हे न बघता वरून मीठ घालतात. एका नारळाच्या दुधाला तीन-चार मोठे चमचे आगळ, लसणीच्या दोन पाकळ्या आणि एक हिरवी मिरची ठेचून, कोथिंबीर. दोन तासांत संपवावी, त्यानंतर ती फाटते.

आमसुलं मेच्या मध्याला घ्यावीत, त्या वर्षीची नवी तेव्हा येतात. रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, साल त्याच्याच मिठाच्या रसात बुडवून उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची, अशी पाच-सात पुटं देतात. मधेच वळवाचा पाऊस लागला की बुरशी धरते. चांगलं आमसूल लालसर-काळं, चिवट आणि जरा ओलसर असतं. दाबल्यावर बोटाला रंग लागतो. कोरडं, मोडणारं घेऊ नये.

आंबा बागेतून घ्यायचा तर कच्ची पेटी घ्यावी. झेल्यानं, म्हणजे जाळी लावलेल्या काठीनं, देठ ठेवून काढलेला आंबा बघावा. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि तिथं काळा डाग पडून आंबा कुजतो. उतरवलेली फळं तापलेल्या कातळावर पडून राहिली असतील तर त्यांत साका निघण्याची भीती वाढते. वरून देखणा आणि आत पांढरा, रबरासारखा गर, आणि तो कापल्याशिवाय कळत नाही. म्हणून सकाळी लवकर उतरवलेला आणि लगेच सावलीत नेलेला माल मागावा. घरी पेंढ्यात एकेरी थरात, देठ वर करून, आठ-दहा दिवस. पेटी बंद ठेवून वास येण्याची वाट बघू नये. रोज उघडून लागलेला एखादा फेकावा, नाहीतर शेजारचे चार जातात.

मासे परत कोल्हापूरला न्यायचे असतील तर थर्माकोलचा डबा आणि माशाच्या वजनाइतका बर्फ. साफ करून, पोट रिकामं करून घ्यावेत, पण गोड्या पाण्यात धुऊन मग भरू नयेत, मांस सुटतं. खाली बर्फ, मग मासा, पुन्हा बर्फ, सगळ्यात वर बर्फ. डब्याच्या खालच्या कोपऱ्याला बोटाएवढं भोक पाडून खाली ताट ठेवावं, कारण वितळलेल्या पाण्यात भिजत राहिलेला मासा चार तासांत गिळगिळीत होतो. बाजारातून डब्यात जायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ नको, बांगड्याला तर नाहीच. बांगडा उबेत राहिला तर त्यात अंगावर पित्त उठवणारं द्रव्य तयार होतं आणि नंतर कितीही शिजवला तरी ते जात नाही. गगनबावड्याला वर थंडी असते म्हणून डबा उघडून बघायचा मोह टाळावा. तीनला देवगड सोडलं तर उजेडात घाट चढून होतो, धुकं उतरायच्या आत. घरी पोचल्यावर बांगडा आणि तारली त्याच रात्री, सौंदाळे-लेपे दुसऱ्या दिवशी दुपारी. सुरमईचे तुकडे फ्रीजरला टाकायला हरकत नाही, तेही एकेका जेवणाची वेगळी पिशवी करून.